बघायला येणार आहेत

सांगलीची मंडळी येणार आहेत शनिवारी, चार जण,
बडोदं बघायला, असं फोनवर म्हणाल्या नलवडेबाई.
मुलगी त्यांनी बघितलीय. दोघांचं पुण्यात तिथल्या तिथे जमलेलं.
तेव्हा बघायचे राहिलो ते आम्ही.
शहर आपलं सोबतीला.

गॅसच्या पावतीमागे यादी करते आहे.
रविवारी सकाळी राजवाडा. तिकीट महाग, पण आपणच काढायचं,
आणि काढताना पाकीट दोनदा चाचपायचं नाही
(हे ह्यांना सांगून ठेवणे).
मग म्युझियम. तिथे देवमाशाचा सांगाडा आहे,
त्याच्या बरगड्यांशी उभं राहिलं
की कुणालाच काही बोलावं लागत नाही.
पंधरा मिनिटं बरी निघतात.
ममी दाखवावी का? लग्नाच्या बोलण्यात मढं नको.
मृदुला म्हणते, "आई, त्यांनाच ठरवू दे ने."
सहा वर्षं पुण्यात राहून तिचं 'ने' गेलेलं नाही.
त्यांच्यासमोर जरा जपून, असं सांगणार होते.
नाही सांगितलं.

सूरसागर संध्याकाळी, दिवे लागल्यावर.
मांडवी गाडीतूनच. उतरलो तर नणंदेचं घर,
आणि नणंद मी प्रेक्षणीय स्थळांत धरलेली नाही.
लिला चिवडा, अर्धा अर्धा किलोचे दोन पुडे, बांधून द्यायला.

नदी यादीत नाही.

विश्वामित्री म्हटलं की लोकांना वाटतं
घाट असेल, पायऱ्या, द्रोणातले दिवे.
आहे काय, तर दोन्ही अंगांना झाडोरा, खाली मातकट पाण्याचा पट्टा,
पुलावरून जाताना पदर नाकाशी,
आणि नीट बघितलं तर काठावर एक ओंडका,
जो दुपारनंतर तिथे नसतो.
मगर. गावाच्या मधोमध.
हे सांगितलं की पाहुणे
मोटारीत बसल्या बसल्या पाय वर घेतात.
मला ते दर वेळी आवडतं.
पण सोयऱ्यांना?

शिवाय नदी म्हटली की पाणी आलं,
आणि पाणी आलं की बाहेरच्या खोलीतली भिंत.
दोनदा रंग दिला, तरी ती रेघ वर येते,
जुन्या चहाच्या रंगाची.
तिच्यावर कॅलेंडर, कॅलेंडरशेजारी कपाट,
कपाटापुढे ह्यांना बँकेतून निघताना मिळालेलं घड्याळ.
रेघेच्या धोरणाने घर मांडलंय आम्ही.

आज परत फोन. गाडी किती वाजता पोचते, ते सांगायला.
सांगून झालं, तरी ठेवीनात.
मग म्हणाल्या, "पाणी किती आलं होतं हो तुमच्याकडं?"
सोनं किती तोळे, असं विचारावं तसं. पण हळू आवाजात.
"चार फूट," मी म्हणाले, "आणि सहा इंच."
सहा इंच कशाला सांगितले, कोण जाणे.
"आमच्यात साडेसात.
फ्रिज तरंगत गेला बघा दारापर्यंत
आणि तिथं अडून बसला, रुसलेल्या जावयासारखा."
मी हसले. मग वाटलं, हसायला नको होतं.
पण त्याही हसत होत्या.
मगरीचं सांगितलं, तर म्हणाल्या,
"आमच्या कृष्णेत काय कमी आहेत?"
"आमची मोठी असेल."
"बघू की."

यादीत थोडा फेरफार:
राजवाडा अकराला. त्याआधी पूल.
थंडीची ऊन खायला ती नऊच्या सुमाराला बाहेर येते.
येईलच असं नाही. तिला काय, कुणाला पसंत पडायचंय?
रुमाल ज्याचा त्याने आणावा.

कॅलेंडर काढलेलं नाही.
खिळा सैल आहे,
तेवढं मात्र बघून ठेवलंय.